मागितलेलं फीचर थेट बांधायला घेऊ नका: प्रॉडक्ट मॅनेजर आणि टीमसाठी तक्रारीपासून निकालापर्यंतची क्रमवार पद्धत

सेल्सकडून फोन येतो, "क्लायंटला हे फीचर हवंय." प्रॉडक्ट मॅनेजर 'जिरा' या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टिकेट टाकतो. डिझायनर दोन दिवसांत स्क्रीन काढतो, डेव्हलपर पुढचे दोन स्प्रिंट (कामाच्या ठरावीक आठवड्यांच्या फेऱ्या) त्यात घालवतात, टेस्टर रात्री जागून तपासतात आणि रिलीज होतं. तीन महिन्यांनी कुणी आकडे काढलेच तर कळतं की ज्याने मागितलं होतं तोसुद्धा ते वापरत नाही. यात कामचुकारपणा कुणीच केलेला नसतो. सगळ्यांनी मन लावून काम केलेलं असतं, म्हणूनच ते जास्त लागतं. चुकलेला असतो तो क्रम. उपाय आधी ठरला आणि प्रश्न शेवटी कळला.

नवे पीएम (प्रॉडक्ट मॅनेजर) बहुतेक वेळा साधनांबद्दल विचारतात: टेम्प्लेट कुठला, प्राधान्य ठरवायचं सूत्र कुठलं, कोर्स कुठला करू. चांगल्या टीम अडखळतात त्या मात्र यामुळे क्वचितच. म्हणून इथे फक्त क्रम सांगतो, आणि प्रत्येक टप्प्यावर हमखास होणाऱ्या चुका.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. समजा तुमची कंपनी हाउसिंग सोसायट्यांसाठी बिलं, पावत्या आणि थकबाकी सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. मागणी आली आहे: "थकबाकीदारांना एका क्लिकवर व्हॉट्सॲप रिमाइंडर जाईल असं बटण द्या." या उदाहरणातले आकडे समजुतीपुरते धरले आहेत.

## तयारी: पहिल्या बैठकीच्या आधी

चार गोष्टी हाताशी नसतील तर काम सुरू करू नका.

पहिली, तिघांची जोडणी: पीएम, डिझायनर आणि टेक लीड, म्हणजे डेव्हलपरांचा तांत्रिक प्रमुख. हे तिघे पहिल्या दिवसापासून एकत्र असले पाहिजेत. टेक लीडला "सगळं ठरलं की सांगतो" म्हणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण स्वस्त उपाय बहुधा त्यालाच ठाऊक असतो.

दुसरी, शेवटचा शब्द कुणाचा हे आधीच ठरलेलं असणं. स्क्रम या छोट्या फेऱ्यांत काम करण्याच्या पद्धतीच्या अधिकृत मार्गदर्शिकेत प्रॉडक्ट ओनर (काय बांधायचं ते ठरवणारा) ही एक व्यक्ती असते, समिती नव्हे. तुमच्याकडे स्क्रम असो वा नसो, हे तत्त्व घ्याच. काय बांधायचं आणि काय नाही याचा निर्णय पीएमचा, कसं बांधायचं याचा टेक लीडचा. वरिष्ठांना नकाराधिकार हवा असेल तर तो कुठल्या टप्प्यापर्यंत, हेही आत्ताच लिहून ठेवा.

तिसरी, माहितीपर्यंत थेट हात पोचणं: सपोर्टची गेल्या सहा महिन्यांची टिकेटं, डेटाबेसमधून निदान वाचण्यापुरती परवानगी, आणि सेल्सला मध्ये न घेता फोन करता येईल असे आठ-दहा ग्राहक. हे तिसरं मिळवायला वेळ लागतो. सेल्सला भीती असते की पीएम काहीतरी कबूल करून बसेल. त्यांना स्पष्ट शब्द द्या: "मी कुठलंही आश्वासन देणार नाही, फक्त काम कसं चालतं ते बघणार." आणि तो शब्द पाळा.

चौथी, आठवड्यातला एक ठरलेला तास फक्त ग्राहकांसाठी. गरज पडेल तेव्हा बोलू असं ठरवलं की गरज कधी पडतच नाही.

तपासा: ही मागणी करणाऱ्या मूळ माणसाचं नाव आणि नंबर तुमच्याकडे आहे का? "क्लायंट म्हणतोय" हे नाव नव्हे.

## टप्पा १: मागणी उतरवून घ्या, होकार देऊ नका

मागणी आली की ती शब्दशः लिहून घ्या. शेजारी तीन गोष्टी नोंदवा: कुणी मागितली, कधी, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय घडलं होतं. तिसरी गोष्ट फार कामाची आहे. माणूस फीचर मागतो तेव्हा त्याच्या मागे एक ताजा प्रसंग असतो आणि तो प्रसंग त्याला अजून नीट आठवत असतो. आठवडा गेला की फक्त मागणी उरते.

विचारण्याचे शब्द साधे ठेवा: "हे शेवटचं कधी अडलं होतं? तेव्हा तुम्ही काय केलंत?" बस. "का हवंय?" असा सरळ प्रश्न टाळा. त्याने माणूस समर्थन करायला लागतो, कारणं रचायला लागतो.

होकार आणि नकार दोन्ही राखून ठेवा. "बघतो" हाही मराठीत अर्धा होकारच असतो, म्हणून तारीख सांगा: "पुढच्या बुधवारपर्यंत हे नेमकं काय आहे ते समजून घेऊन तुम्हाला फोन करतो." आणि बुधवारी फोन करा, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

सावधान: या टप्प्यावर मागणी बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, "फीचर" म्हणून टाकू नका. एकदा ती "रिमाइंडर बटण" या नावाने नोंदली गेली की पुढचे सगळे जण बटणाबद्दलच बोलणार. नाव द्यायचंच असेल तर "थकबाकी वसुलीत खजिनदाराची अडचण" असं द्या.

## टप्पा २: काम जिथे होतं तिथे जाऊन बसा

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढचे टप्पे यावरच उभे राहतात.

पाच-सहा खजिनदार निवडा. फक्त मागणी करणारे नकोत. त्यात दोन असे घ्या ज्यांनी कधीच तक्रार केली नाही, आणि एक असा ज्याने तुमचं सॉफ्टवेअर सोडलं. सोडून गेलेला माणूस सगळ्यात मोकळेपणाने बोलतो.

भेट शक्यतो त्यांच्या जागी आणि काम चालू असण्याच्या वेळी घ्या. सोसायटीचा खजिनदार म्हणजे बहुधा निवृत्त बँक कर्मचारी किंवा नोकरी सांभाळून फावल्या वेळात हिशेब बघणारा माणूस. त्याचं काम रविवारी सकाळी डायनिंग टेबलवर चालतं. तिथे जा. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला फक्त तुमच्या सॉफ्टवेअरचा स्क्रीन दिसेल. टेबलावर मात्र एक जाडजूड वही दिसेल, बँकेच्या स्टेटमेंटची प्रिंट दिसेल, त्यावर पेन्सिलीच्या खुणा दिसतील आणि व्हॉट्सॲपवर आलेले पेमेंटचे स्क्रीनशॉट एकेक उघडून वहीत लिहिणारा माणूस दिसेल. ती वही म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय कमी आहे याची यादी. खरं सांगायचं तर कुठल्याही सर्व्हेपेक्षा माझा तिच्यावर जास्त भरवसा आहे.

विचारायचे प्रश्न असे:

"गेल्या महिन्याचे पैसे जमा झाल्यापासून पावती जाईपर्यंत काय काय केलंत, ते मला दाखवाल का?"
"यात सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला?"
"चूक झाली तर कुणाचा फोन येतो?"
"ही वही कधीपासून ठेवताय?"

न विचारायचा प्रश्न एकच: "असं बटण दिलं तर वापराल का?" घरी आलेल्या पाहुण्याला, तेही चहा देऊन बसवलेल्याला, "नाही" म्हणणारा माणूस आपल्याकडे विरळा. तो म्हणेल, "हो हो, छान होईल." त्या होकाराची किंमत शून्य. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारा, पुढच्याबद्दल नको.

टेक लीडला किमान दोन भेटींना सोबत न्या. डेव्हलपरने खजिनदाराला पेन्सिलीने खुणा करताना एकदा पाहिलं की पुढे महिनाभर तुम्हाला "हे कशासाठी?" याचं उत्तर द्यावं लागत नाही. सोबत जाणाऱ्याने मध्ये पडून सॉफ्टवेअर शिकवायला मात्र लागू नये. "काका, हे इथे क्लिक केलं की होतं" असं कुणी म्हटलं की निरीक्षण संपलं आणि ट्रेनिंग सुरू झालं.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी परवानगी घ्या. सभासदांची नावं, थकबाकी आणि खात्याचे तपशील दिसत असतील तर फोटो काढू नका. भेट संपल्यावर अर्ध्या तासात, गाडीत बसूनही चालेल, दोघांनी मिळून नोंदी लिहा. दोन रकाने करा: "तो जे बोलला" आणि "त्याने जे केलं". या दोन रकान्यांतला फरक हाच माल.

आपल्या उदाहरणात काय दिसलं? सभासद यूपीआयने पैसे पाठवतात. स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव आणि १२ आकडी यूटीआर (त्या व्यवहाराची ओळख पटवणारा) क्रमांक येतो, फ्लॅट नंबर येत नाही. बायकोच्या खात्यातून नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटचे पैसे येतात, भाडेकरू परस्पर भरतो, कुणी दोन महिन्यांचे एकदम भरतो. कुठला पैसा कुणाचा हे जुळवायला दोन रविवार जातात. तोवर पावती जात नाही आणि यादीत तो सभासद थकबाकीदारच दिसतो. मग पैसे भरलेल्या माणसाला रिमाइंडर जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटतं. खजिनदार खचतो तो इथे. मागितलेलं बटण दिलं असतं तर ही भांडणं एका क्लिकवर वाढली असती.

तपासा: शेवटच्या दोन भेटींत नवं काही कळलं का? नसेल तर पुढे जा. प्रत्येक भेटीत वेगळंच चित्र दिसत असेल, तर तुम्ही दोन-तीन वेगळ्या प्रकारचे ग्राहक एकत्र मोजताय. त्यांना वेगळं करा.

## टप्पा ३: एका पानावर प्रश्न लिहा

पान एकच. दुसरं पान लागलं तर समजावं की प्रश्न अजून सुटा झालेला नाही. त्यात इतकंच हवं: अडचण कुणाला, कुठल्या प्रसंगी, आज तो कसं निभावतो, त्याची किंमत काय, आणि आपण या वेळी कशाला हात लावणार नाही.

चुकीचा नमुना: "खजिनदारांना वसुलीसाठी आधुनिक आणि सोपी रिमाइंडर सुविधा उपलब्ध करून देणे." यात उपाय आहे, विशेषणं आहेत, प्रश्न कुठेच नाही.

चालणारा नमुना: "१०० हून अधिक फ्लॅटच्या सोसायट्यांत यूपीआयने आलेले पैसे फ्लॅटशी जुळवायला खजिनदाराला महिन्यात दोन रविवार लागतात. जमा ते पावती यात मधल्या सभासदाला ९ दिवस थांबावं लागतं. त्या काळात भरलेल्यांनाही थकबाकीची सूचना जाते. या वेळी आपण रोख आणि चेकला हात लावणार नाही, आणि रिमाइंडरच्या रचनेलाही."

शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात अवघड जातं, आणि पुढे वाद मिटवायला तेच कामाला येतं.

पान तयार झालं की आधी टीमला वाचायला द्या, मग वरिष्ठांना. उलट क्रमाने गेलात तर टीमच्या हाती हुकूम पडतो आणि मग प्रश्न विचारायला कुणी धजत नाही.

तपासा: पान वाचून टेस्टरला स्वतःच्या शब्दांत प्रश्न सांगता येतो का? त्याला येत नसेल तर लिहिण्यात दोष आहे, त्याच्यात नाही.

## टप्पा ४: आकडा ठरवा, आणि त्यावर पहारा बसवा

बांधायला लागण्याआधी एक मुख्य आकडा निवडा आणि तो आज किती आहे हे मोजून ठेवा. आपल्याकडे तो "जमा ते पावती, मधल्या सभासदासाठी किती दिवस" हा आहे. सरासरी घेऊ नका. सहा महिने अडकलेली एक पावती सरासरी बिघडवून टाकते, मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा, टिकतो.

किती लोकांनी बटण दाबलं हा मुख्य आकडा कधीच नसावा. लोक गोंधळूनही बटण दाबतात.

प्रत्येक मुख्य आकड्यासोबत एक पहाऱ्याचा आकडा ठेवा. आपल्याकडे "चुकीच्या फ्लॅटच्या नावावर गेलेल्या पावत्या". नाहीतर वेग वाढवण्याच्या नादात सॉफ्टवेअर अंदाजपंचे पावत्या फाडेल आणि मुख्य आकडा छान दिसेल. पहारा नसला की काय होतं ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने दाखवलं. प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकण्याचा आकडा कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर होता, तेव्हा त्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. आकडा मात्र बरीच वर्षं उत्तम दिसत होता.

सावधान: आजचा आकडा मोजायची सोयच सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर आधी तेवढीच मोजणी बांधून रिलीज करा आणि महिनाभर आकडे जमू द्या. हा उशीर परवडतो. नंतर "फरक पडला असं वाटतं" असं म्हणण्याची वेळ येणं परवडत नाही.

## टप्पा ५: उपाय सगळ्यांनी मिळून शोधा आणि कागदावर मोडून पाहा

आता कुठे उपाय. पीएमने एक उपाय घेऊन बैठकीला जाऊ नये, एक पान घेऊन जावं. किमान तीन पर्याय निघेपर्यंत कुठल्याच पर्यायावर मत द्यायचं नाही, हा नियम कडक पाळा.

आपल्या उदाहरणात असे पर्याय निघतील:

पहिला, प्रत्येक फ्लॅटला वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक, म्हणजे पैसे सोसायटीच्याच खात्यात जातात पण कुठल्या फ्लॅटचे ते क्रमांकावरून कळतं. जुळणी अचूक होते, पण त्यासाठी बँकेशी किंवा पेमेंट कंपनीशी करार, खर्च आणि व्यवस्थापक समितीची मंजुरी लागते.

दुसरा, बिलावर त्या फ्लॅटची रक्कम आणि संदर्भ भरलेला यूपीआय क्यूआर. स्वस्त आहे, पण लोक जुना सेव्ह केलेला आयडीच वापरत राहतात, आणि क्यूआरमधली टीप प्रत्येक स्टेटमेंटमध्ये पूर्ण उमटेल याची खात्री नाही.

तिसरा, खजिनदाराने स्टेटमेंट अपलोड करायचं, सॉफ्टवेअरने नाव, रक्कम आणि मागच्या महिन्यांच्या सवयीवरून जोड्या सुचवायच्या आणि खजिनदाराने "बरोबर" म्हणायचं. पहिल्या महिन्यात काम थोडंच वाचतं, पण पुढे दर महिन्याला वाचतं.

तिसरा पर्याय बहुधा डेव्हलपरकडून येतो. पीएमला "आपोआप" जुळवायचं असतं. डेव्हलपर म्हणतो, आपोआप कशाला, सुचवू आणि माणसाकडून पक्कं करून घेऊ. टेक लीड पहिल्या दिवसापासून सोबत हवा तो यासाठी.

निवडलेल्या पर्यायाला चार प्रश्न विचारा. लोक वापरतील का? त्यांना जमेल का? आपल्याला बांधता येईल का? धंद्याला आणि कायद्याला चालेल का? ज्याचं उत्तर सगळ्यात कच्चं, त्याची चाचणी आधी. सगळ्यात सोप्याची आधी घेण्याचा मोह होतो, कारण त्याने पुढे सरकल्यासारखं वाटतं.

चाचणी कोड न लिहिता करा. दोन खजिनदारांची स्टेटमेंट त्यांच्या परवानगीने घ्या, तुमच्यापैकी दोघांनी एक्सेलमध्ये हाताने जोड्या सुचवा आणि त्यांना पाठवा. किती जोड्या त्यांनी तशाच मान्य केल्या ते मोजा. दोन दिवसांत कळतं की कल्पनेत दम आहे की नाही.

मग फिग्मा या डिझाइनच्या साधनात केलेला प्रोटोटाइप (कोडशिवायचा नमुना) पाच जणांसमोर ठेवा. वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच वापरकर्त्यांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हा आकडा सर्रास चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. तो फक्त "जमतं का" याबद्दल आहे. "हवं आहे का" हे पाच जणांवरून ठरत नाही.

तपासा: टाकून दिलेले पर्याय आणि त्यांची कारणं त्या पानाच्या मागे लिहिली आहेत का? दोन महिन्यांनी कुणीतरी विचारणारच आहे, "क्यूआर का नाही केला?"

## टप्पा ६: आडवे नव्हे, उभे तुकडे करा

पहिला स्प्रिंट डेटाबेस, दुसरा एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीन यांना जोडणारा भाग), तिसरा स्क्रीन अशी आडवी वाटणी करू नका. त्यात तिसऱ्या स्प्रिंटच्या शेवटापर्यंत कुणालाच काही वापरून बघता येत नाही. उभा तुकडा म्हणजे वरपासून खालपर्यंत पातळ, पण चालणारा. आपला पहिला तुकडा: एकाच बँकेचं स्टेटमेंट, फक्त तंतोतंत रक्कम आणि तंतोतंत नाव जुळणाऱ्या जोड्या, आणि एक साधी यादी. एवढ्यावर एक खजिनदार एक महिना काम करू शकतो.

प्रत्येक तुकड्यासोबत स्वीकृतीच्या अटी, म्हणजे काम पूर्ण झालं असं कधी मानायचं ते, प्रसंगांच्या भाषेत लिहा. "सिस्टीमने योग्य जुळणी करावी" ही अट नव्हे. पहिल्या आणि पुढच्या तुकड्यांच्या अटी अशा असतात:

- फ्लॅट ३०४ चं बिल ४,२०० आणि जमा ८,४०० असेल तर दोन महिन्यांची सूचना यावी, पावती आपोआप फाटू नये.
- एकाच नावावर दोन फ्लॅट असतील तर दोन्ही दाखवून विचारावं.
- जमा ४,१९९ असेल तर जोडी सुचवावी, पण १ रुपया बाकी दाखवावा.
- तेच स्टेटमेंट दोनदा अपलोड झालं तर यूटीआरवरून ओळखून दुसऱ्यांदा नोंद करू नये.

हे प्रसंग कुठून आले? टप्पा २ मधल्या वहीतून. टेस्टरला या यादीवर आधीच बसवा, तो आणखी पाच काढून देईल.

अंदाज आणि आश्वासन यांची गल्लत होऊ देऊ नका. डेव्हलपर "तीन आठवडे" म्हणाला तो आज त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींवरचा अंदाज. पीएमने तो तसाच सेल्सला कळवला की त्याचं वचन होतं. बाहेर सांगताना एकच आकडा न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा पल्ला सांगा, आणि पहिला तुकडा पूर्ण झाल्यावर तो सुधारा.

## टप्पा ७: बांधकाम चालू असताना पीएम कुठे असतो

इथे थोडक्यात सांगतो. डेव्हलपरचा प्रश्न आला की त्याच दिवशी उत्तर द्या. उत्तर नसेल तर ते कधी मिळेल हे तरी सांगा. उत्तर नाही मिळालं तर डेव्हलपर स्वतः काहीतरी गृहीत धरतो, आणि ते गृहीतक रिलीजनंतर बग म्हणून भेटतं.

रोजची १५ मिनिटांची स्क्रम बैठक डेव्हलपरांची एकमेकांशी बोलण्याची जागा आहे. तिचा हजेरीपट करू नका. पीएमने प्रत्येकाला "तुझं कुठवर आलं?" विचारायला सुरुवात केली की लोक एकमेकांशी बोलणं सोडून पीएमशी बोलायला लागतात.

मध्येच नवी मागणी घुसली तर नियम एकच: एक आत तर एक बाहेर, आणि बाहेर काय गेलं हे मागणाऱ्याला त्याच दिवशी सांगायचं. संचालकांची मागणी असली तरी.

सावधान: उशीर होतोय म्हणून शेवटच्या आठवड्यात दोन नवे डेव्हलपर जोडू नका. त्यांना समजावण्यात जुन्यांचे उरलेले दिवस जातात. त्याऐवजी एक तुकडा कमी करा.

## टप्पा ८: रिलीज हळूहळू, परतीचा रस्ता आधी

फीचर फ्लॅगमागे, म्हणजे हवं तेव्हा चालू-बंद करता येईल अशा कोडमधल्या खटक्यामागे, ठेवा. आधी स्वतःच्या टीमला, मग भेटलेल्या पाच-सहा सोसायट्यांना, मग दहा टक्के, मग सगळ्यांना. प्रत्येक पायरीवर पहाऱ्याचा आकडा बघूनच पुढे जा.

परतीची तालीम खरोखर करा. "रोलबॅक करता येईल" (मागच्या आवृत्तीवर परत जाता येईल) हे वाक्य कागदावर नेहमीच खरं असतं. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीचं नवं सॉफ्टवेअर आठपैकी सात सर्व्हरवर नीट बसलं, आठव्यावर जुना कोड राहिला. जुन्याच फ्लॅगचा नव्या कामासाठी पुनर्वापर केला होता, त्यामुळे आठव्या सर्व्हरवर मेलेला कोड जागा झाला. घाबरून सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला तेव्हा परिस्थिती आणखी बिघडली. साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. यातून टीमने घ्यायचं ते नेमकं: जुने फ्लॅग दुसऱ्या कामाला लावू नका, मेलेला कोड काढून टाका, सगळीकडे एकच आवृत्ती आहे का ते यंत्राकडून तपासा, आणि परत फिरायचा निर्णय कुणी घ्यायचा ते नाव आधी ठरवा.

वेळही बघा. सोसायट्यांचं सॉफ्टवेअर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बिलं निघत असताना, किंवा मार्चअखेरीस बदलू नये. शुक्रवारी संध्याकाळी तर कुठलंच बदलू नये.

सपोर्टच्या लोकांना रिलीजच्या आधी तीन दिवस फीचर वापरायला द्या. पहिला रागावलेला फोन त्यांनाच येणार आहे. त्यांच्यासाठी अर्धं पान लिहा: काय बदललं, कुठे अडकेल, अडकलं तर कुणाला सांगायचं.

तपासा: फ्लॅग बंद केल्यावर, दरम्यानच्या काळात निघालेल्या पावत्यांचं काय होतं? हे करून पाहिलंय की फक्त बोललाय?

## टप्पा ९: निकाल बघा, आवडला नाही तरी

रिलीजच्या दिवशीच कॅलेंडरमध्ये निकालाची बैठक टाका. आपल्या उदाहरणात दोन बिलांचे महिने उलटल्यावर. ही बैठक नसेल तर कुणी आकडे काढत नाही, कारण तोवर पुढचं फीचर सुरू झालेलं असतं.

ए/बी चाचणीचा (दोन गटांना दोन वेगळ्या आवृत्त्या दाखवून तुलना करण्याचा) हट्ट प्रत्येक ठिकाणी धरू नका. साधा हिशेब बघा: सध्या ५ टक्के लोक एखादी कृती करत असतील आणि ते प्रमाण ५.५ टक्क्यांवर गेलं का हे नेहमीच्या खात्रीने ओळखायचं असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ३०,००० माणसं लागतात. तुमच्याकडे ४०० सोसायट्या आहेत. तिथे आधी-नंतरचे आकडे, पहाऱ्याचा आकडा आणि सहा प्रत्यक्ष भेटी यावरच निर्णय घ्यावा लागतो. चार दिवसांत "व्हेरियंट बी जिंकला" म्हणून टाळ्या वाजवू नका.

आकडा हलला नाही तर टीमला धक्का बसतो. त्यांना सांगा की रॉनी कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या प्रयोगांबद्दल लिहिताना नोंदवलंय, की विचारपूर्वक केलेल्या कल्पनांपैकी जेमतेम एक तृतीयांशच ठरवलेला आकडा सुधारतात. न चाललेली कल्पना म्हणजे कुणाचा गुन्हा नाही. ती लपवली आणि सॉफ्टवेअरमध्ये तशीच पडू दिली तर मात्र पुढच्या प्रत्येक बदलाला ती आडवी येते.

या बैठकीत पीएमने स्वतःची चूक सगळ्यांत आधी सांगावी. "मी फक्त मोठ्या सोसायट्या बघितल्या, तीस फ्लॅटवाल्यांना याची गरजच नव्हती." गुगलने स्वतःच्या १८० हून अधिक टीमचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की टीममध्ये कोण आहे यापेक्षा लोक एकमेकांशी कसे वागतात हे महत्त्वाचं ठरतं, आणि त्यातही पहिली गोष्ट म्हणजे चूक कबूल करायला किंवा वेडगळ वाटणारा प्रश्न विचारायला भीती न वाटणं. ती भीती भिंतीवर पोस्टर लावून जात नाही. वरचा माणूस आधी बोलला की जाते. टप्पा ५ मध्ये ज्युनिअर डेव्हलपर तिसरा पर्याय बोलून दाखवेल की गप्प बसेल, हे मागच्या निकालाच्या बैठकीत ठरलेलं असतं.

बैठकीतून तीनपैकी एक निर्णय घेऊन उठा: ठेवायचं, बदलायचं किंवा काढून टाकायचं. "आणखी थोडं बघू" हा निर्णय एकदाच चालेल, आणि तोही तारखेसह. काढायचं ठरलं तर ते वापरणाऱ्या थोड्या लोकांना महिनाभर आधी कळवा, त्यांचा डेटा त्यांना बाहेर काढून द्या, आणि मग कोडही काढा.

त्याच दिवशी, ज्या खजिनदाराने पहिल्यांदा रिमाइंडरचं बटण मागितलं होतं त्यांना फोन करा. बटण का दिलं नाही आणि त्याऐवजी काय दिलं ते सांगा. मग विचारा, या महिन्यात ग्रुपवर कुणी भांडलं का, आणि ती वही अजून चालू आहे का. चालू असेल तर पुढचा रविवार ठरवून घ्या.